सात नंबरची रायफल आणि अठरावं कलम

रायफल मागायला आलेल्या माणसाच्या हातात मी कधी लगेच रायफल दिली नाही. आधी त्याला शस्त्रागाराच्या दारात उभं करायचं, समोरच्या पाण्याच्या टाकीवर अंगठा धरायला लावायचं आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायला सांगायचं. ज्या डोळ्याने बघताना अंगठा टाकीवरून हलत नाही, तो त्या माणसाचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या कितीतरी माणसांचा मुख्य डोळा डावा असतो आणि त्यांना ते जन्मभर माहीत नसतं. पूर्वी मी हे तपासत नसे. एका दंतवैद्यबाईंना दीड महिना उजव्या खांद्यावरून नेम धरायला लावला, त्या रोज शेजारच्या लक्ष्याला गोळ्या मारत राहिल्या आणि शेजारचा माणूस रोज खूश होत राहिला. त्यानंतर डोळा हे माझ्या यादीतलं पहिलं कलम झालं.

माझी यादी सतरा कलमांची. नाशिकजवळ गंगापूर रोडवरची घरं संपून द्राक्षबागा लागतात, तिथे आमच्या नेमबाजी क्लबची रेंज. तिथल्या शस्त्रागाराचं काम मी तेवीस वर्षं सांभाळलं. बी.कॉम. होऊन आले ती पत्रव्यवहार करायला. पण खोलीत रायफली कुणी कशाही ठेवलेल्या, कुठली कुणाची याचा पत्ता नाही. मला पसारा बघवत नाही. आठवड्याभरात प्रत्येक रायफलीला नंबर दिला, वही घातली आणि त्याच वहीने मला त्या खोलीत अडकवून टाकलं. या जूनमध्ये किल्ल्या परत केल्या. लोक विचारतात, तुम्ही तिथे नक्की काय करत होता? सांगते.

शिंपी काय करतो, तेच. फक्त कापड लोखंडाचं आणि लाकडाचं.

नवशिक्या माणसासाठी आम्ही जी रायफल निवडायचो ती बोल्टची, पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची. बोल्ट म्हणजे दाराची कडीच समजा. वर उचलायची, मागे ओढायची, एक काडतूस ठेवायचं, कडी पुढे सारून खाली पाडायची. एका वेळी एकच गोळी. गोळी सुटली की पुन्हा कडी, पुन्हा काडतूस, पुन्हा श्वास. म्हणूनच ती नवशिक्याला चांगली. घाई करायची सोयच नाही. धक्काही इतका कमी की लहान चणीच्या माणसालाही भीती वाटत नाही. पन्नास मीटरवर कागदाचं लक्ष्य, मधला दहाचा गोल एक रुपयाच्या नाण्याहून लहान.

पण तीच रायफल सगळ्यांना तशीच चालत नाही. कोपर ते बोट हे अंतर मोजायचं आणि मागच्या बाजूच्या लाकडी चकत्या काढून किंवा घालून लांबी जुळवायची. मग गाल. गाल लाकडावर टेकवून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. उघडल्यावर डोळा नेम धरायच्या मागच्या जाळीच्या भोकाशी नेमका आला पाहिजे. मान ताणावी लागली तर गालाखालचं लाकूड वाढवायचं, मान मोडावी लागली तर तासायचं. मग ट्रिगर किती हलका, रायफलीला अडकवून डाव्या दंडाला बांधायचा पट्टा किती घट्ट. आणि सगळ्यात शेवटी काडतुसं. एका रायफलीला एका लॉटची काडतुसं मानवतात, दुसऱ्या लॉटची नाही. का, ते कंपनीलाही सांगता येत नाही. चार लॉट मारून बघायचे, जो आवडला तो तिच्या नावावर लिहून ठेवायचा.

हे ऐकल्यावर बहुतेकांचा उत्साह ओसरतो. गंगापूर रोडवरचे एक बिल्डर मोबाइलवर फोटो घेऊन आले होते. काळीकुळकुळीत रायफल, वर हातभर दुर्बीण, खाली पाय.

"मॅडम, सेम टू सेम अशीच पाहिजे. हजार मीटर मारते म्हणे."

"आमची रेंज पन्नास मीटरची आहे. पुढे भिंत, भिंतीपलीकडे द्राक्षबाग आणि बागवाला तापट आहे," मी म्हटलं. मग पाच लिटरचा पाण्याचा कॅन हातात दिला. "हा छातीसमोर धरून दोन मिनिटं उभे राहा. राहिलात तर पुढचं बोलू."

चाळीस सेकंदांत कॅन खाली आला. घाम पुसत म्हणाले, "साइटवर माझे लोक असा कॅन डोक्यावर नेतात हो."

"मग त्यांना पाठवा."

ते हसले, राहिले आणि पुढची सहा वर्षं नियमाने साधी एअर रायफल मारत राहिले. अशी माणसं आठवली की बरं वाटतं.

लाकडाचं सगळं काम करीमचाचांचं. जुन्या नाशकात त्यांचं फर्निचरचं छोटं दुकान होतं. आठवड्यातून दोनदा स्कूटरवर येत, मागे पटाशा आणि रंध्याची पिशवी. रायफल त्यांनी आयुष्यात एकदाही चालवली नाही. "मला आवाज सोसत नाही, ताई," म्हणायचे. पण नवा माणूस नेम धरायला आडवा झाला की त्याच्या खांद्याकडे नुसतं बघून सांगायचे, "याला एक चकती कमी." मी फूटपट्टीने मोजायचे. एक चकतीच कमी निघायची.

माझ्या वहीची ते थट्टा करत. "ताई, तुमच्या वहीत सगळं आहे, फक्त एक विचारायचं राहिलं."

"काय?"

"याला चहा पाजला का. उपाशी माणसाचा हात हलतो."

मी ते खरंच वहीत लिहिलं. तेरावं कलम: काही खाल्लं आहे का. यावर ते आठवडाभर हसत होते.

आता सात नंबरबद्दल.

क्लबकडे नवशिक्यांना द्यायची चांगली बोल्ट रायफल एकच होती. जुनी, लाकडी, नंबर सात. स्वतःची रायफल घेणं, परवाना, परदेशातून मागवणं हे सगळ्यांना कुठलं जमायला. त्यामुळे सात नंबरसाठी प्रतीक्षायादी असायची आणि नियमही असायचा. नियम मीच लिहिला होता: रायफल एका माणसाला एका मोसमापुरती. दिवाळीनंतरच्या चाचणीत ठरलेले गुण मिळवले, तर तो माणूस राज्यस्पर्धेला क्लबकडून जाणार आणि रायफल त्याच्याकडेच राहणार. नाही मिळवले, तर रायफल यादीतल्या पुढच्या नावाला. वशिला चालणार नाही, रडणं चालणार नाही. या नियमाचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण पूर्वीइतका सरळ नाही.

ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी यादीत वरचं नाव होतं हिरा भोये. हरसूलजवळच्या पाड्यावरची, वय वीस, कॉलेजात एन.सी.सी.त दोन-तीनदा गोळ्या मारलेल्या. आठवड्यातून दोन दिवस एस.टी.ने घाट उतरून यायची. पहिल्या दिवशी टाकीवर अंगठा धरायला लावला तर म्हणाली, "मॅडम, टाकीला काय झालं?"

तिला सात नंबर बसवायला आम्हाला तीन आठवडे लागले. हात आखूड, मान लांब, चेहरा अरुंद. दोन चकत्या काढल्या. गालासाठी करीमचाचांनी शिसवीचा नवा तुकडा केला. तो चार वेळा तासला, पाचव्यांदा तिने गाल टेकवला, डोळे मिटले, उघडले आणि ती हसली. चाचांनी पटाशी पिशवीत टाकली. "झालं. आता ही हिची."

हिराची एक खोड होती. गोळी सुटली की दुर्बिणीतून बघायच्या आधीच ती सांगायची, कुठे लागली. "वर, जरा डावीकडे, नऊ." मग बघायचं तर नऊच. चांगल्या नेमबाजाला हे हळूहळू यायला लागतं. ट्रिगर सुटला त्या क्षणी समोर काय दिसत होतं, ते डोळ्यात ठसून राहतं. हिला ते तिसऱ्या महिन्यातच आलं. सप्टेंबरअखेर ती चाचणीच्या गुणांच्या वर मारत होती. मी वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिकली केली होती. असं मी सहसा करत नाही.

मग दसरा आला.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे शस्त्रपूजा असते. सगळ्या रायफली पांढऱ्या कापडावर मांडायच्या, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, अक्षता, पेढे. पूजा दरवर्षी मीच करायचे. आम्ही काळजीही घेत होतो. पूजेआधी करीमचाचा प्रत्येक नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घालत, बोल्टवर फडकं टाकत, फूल-पाकळी आत जाऊ देत नसत. पूजा झाली की लोक पेढे खायला बाहेर जात आणि चाचा मागे थांबून एकेक रायफल पुसून जागेवर लावत. मी म्हणायचे, राहू द्या, उद्या करू. ते म्हणायचे, "हळदीचा डाग लाकडात बसतो, ताई."

त्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बोळे मीच घातले, फडकी मीच टाकली, पूजा केली, नंतर ओल्या आणि कोरड्या कापडाने सगळ्या रायफली पुसल्या. वहीत लिहिलं: खंडेनवमी. पूजा झाली. स्वच्छता पूर्ण. खाली सही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच दिवशी हिराचे गुण घसरले. मी म्हटलं, सण झाला, चार दिवस खंड पडला, होतं असं. पुढच्या वेळी आणखी घसरले. ती म्हणायची "दहा," आणि कागदावर भोक सातला. ती म्हणायची "उजवीकडे, नऊ," आणि भोक डावीकडे आठला. आठवडाभर हेच चाललं. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मॅडम, दसऱ्यापासून हिचं कायतरी बिनसलं हाय."

"कुणाचं?"

"सात नंबरचं."

"रायफल आपणहून बिनसत नाही, हिरा."

"मग मी सांगते तिथं लागत का नाय?"

मी पद्धतशीर बाई. वाद घातला नाही, तपासलं. स्क्रू घट्ट. जाळी जागेवर. ट्रिगर बरोबर. काडतुसं तिच्याच लॉटची. मग सात नंबर वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि मी स्वतः पाच गोळ्या मारल्या. कागद आणून तिच्यासमोर धरला. पाचही भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

"बघ. रायफल कशी आहे?"

ती कागदाकडे बघत राहिली. "चांगली."

"मग?"

"मग मी," ती म्हणाली.

त्यानंतर ती कुठे लागली ते सांगेनाशी झाली. गोळी मारायची आणि गप्प बसायची. मला वाटलं, शिस्त आली. सरावाचे दिवस तिने दोनाचे तीन केले. भातकापणीचे दिवस होते, घरून बोलणी खाऊन यायची. पट्टा आणखी घट्ट बांधायची, दंडावर वळ उठायचे. जितकी घट्ट बांधेल तितकं बिघडायचं. मी तिला श्वासावर पानभर टिपण लिहून दिलं. ते आठवलं की मला अजून लाज वाटते. इतकं नीटनेटकं टिपण, आणि सगळं चुकीच्या माणसाला.

चाचणीत ती नऊ गुणांनी कमी पडली. राज्यस्पर्धेच्या यादीत तिचं नाव गेलं नाही. मी वहीत लिहिलं: अनुत्तीर्ण. रायफल पुढील क्रमांकास. पेन्सिलीची टिकली खोडून टाकली. हिराने सात नंबर माझ्या हातात दिली, गालाच्या लाकडावरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, "येते मॅडम. शेवटची एस.टी. साडेपाचला हाय."

यादीतलं पुढचं नाव होतं पगारे काका. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, उंच, खणखणीत आवाजाचे. आयुष्यभर मशिनीच्या खडखडाटात काम केल्यामुळे ते साधं बोलले तरी अख्ख्या रेंजला ऐकू जायचं. त्यांच्या मापाने सात नंबर बसवायची म्हणून मी खालचे दोन मोठे स्क्रू काढले आणि नळी लाकडातून उचलून वेगळी केली.

लाकडाच्या खाचेत, मधोमध, तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने गुलाबी झालेला, एका बाजूने चपटा. त्याच्या वर नळीला जिथे तो टेकत होता, तिथे नखाएवढी चकाकी आली होती.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. अशा रायफलीची नळी लाकडाला कुठेच टेकता कामा नये. ती फक्त मागे, बोल्टपाशी, घट्ट धरलेली असते. पुढे सगळीकडे बारीक फट. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते आणि दर वेळी सारखीच थरथरली तरच गोळी दर वेळी तिथेच जाते. फटीत काही अडकलं की संपलं. आणि आता गंमत बघा. वाळूच्या पिशवीवर रायफल नुसती पडून असते, त्यामुळे दाणा पाचही वेळा सारखाच दाबत होता आणि माझ्या पाच गोळ्या नाण्याखाली आल्या. हिरा दंडाला पट्टा बांधून मारत होती. पट्टा लाकडाला ओढायचा, दर वेळी जरा वेगळा. दाणा नळीला दर वेळी जरा वेगळा ढकलायचा. तिने पट्टा जितका आवळला तितका दाणा जास्त दाबला.

अक्षता मी टाकल्या होत्या.

खोलीत मी एकटीच होते. पगारे काका बाहेर कुणाला तरी प्रेसच्या गोष्टी सांगत होते. दाणा फुंकला असता तर गेला असता. मी तो कागदाच्या पुडीत बांधला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दोन दिवस काहीही केलं नाही. हेही लिहिलंच पाहिजे. ते दोन दिवस माझ्या वहीत कोरे आहेत.

तिसऱ्या दिवशी करीमचाचांकडे गेले. ते दुकानाच्या पायरीवर काळा चष्मा लावून बसले होते. पुडी त्यांच्या तळहातावर उघडली. त्यांनी दाणा डोळ्याजवळ नेला, मग चिमटीत धरून बघितला.

"सात नंबर?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिची फट मी मोकळी ठेवलीय. लाकूड जुनं, पावसाळ्यात फुगतं. बाकीच्यांत दाणा वरच अडतो, तिच्यात आत उतरतो. दरवर्षी निघायचे, ताई. एखाद्या साली दोन, एखाद्या साली चार. कागदाची पट्टी फिरवली की बाहेर. खिडकीत टाकायचो, चिमण्या खायच्या."

मला एकदम दिसलं. पूजेनंतर मागे थांबलेले चाचा, हातात फडकं. हळदीचे डाग.

"तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

"काय सांगायचं? पूजा तुमची. तुम्ही इतक्या मनाने करायच्या. मी त्यात खोट काढू? दोन मिनिटांचं काम होतं, मी करून टाकायचो."

"वहीत लिहिलं असतं तर..."

"तुम्ही विचारलं असतं तर लिहिलं असतं," ते म्हणाले. रागाने नाही. मग पुडी बांधून माझ्या हातात परत दिली. "पोरीला सांगितलं?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

आधी मी क्लबच्या सचिवांना भेटले. ते म्हणाले, चाचणी दोनदा घेता येत नाही, नावं पुढे गेलीत. पगारे काकांनाही सांगितलं, कारण रायफल त्यांच्या नावावर चढली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, मी दीड वर्ष या यादीत बसलोय. तुमच्या तांदळापायी मी का उठू?" नियम माझाच, आणि ते नियमाप्रमाणे बरोबर. थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी परत आले. या वेळी आवाज निम्मा होता. "पण तिला सांगा मात्र. आमच्याकडे एका पोऱ्यावर खराब छपाईचा ठपका होता, पुढे मशिनीचा रोलर वाकडा निघाला. त्याला कुणी सांगितलंच नाही. तो आपला जन्मभर हात थरथरतो म्हणून सांगत फिरला."

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळची एस.टी. धरली. त्र्यंबकच्या पुढे मी कधी गेले नव्हते. हिरा आणि तिची आई रस्त्याच्या कडेला पोत्यावर नागली आणि नवा तांदूळ मांडून बसल्या होत्या. मला बघून हिरा उभी राहिली आणि तिने आधी मागे बघितलं, मी दुसऱ्याच कुणाकडे आले असेन म्हणून.

"मॅडम? तुम्ही?"

"तुला काहीतरी दाखवायचं आहे."

मी तिथेच पोत्याशेजारी बसले आणि पुडी उघडली. सगळं सांगितलं. पूजा, खाच, पट्टा, वाळूची पिशवी. मध्ये गिऱ्हाईक आलं, तिच्या आईने माप भरलं, पण कान आमच्याकडे होता. सांगून झाल्यावर आई पुडीत वाकून बघत म्हणाली, "एवढासा दाना? आमच्या इथं एवढा कोंबडी पण सोडून देते."

हिरा हसली नाही. तिने दाणा बोटावर घेतला, त्याची चपटी बाजू बघितली.

"मॅडम, मी दहा सांगत होते तवा..."

"हो."

"तवा दहाच होते?"

"तू नेम धरला होतास तिथे दहाच होता. गोळी पुढे वाकडी गेली, ती माझ्यामुळे."

मी मनाशी बरंच काही ठरवून आले होते: माफी कशी मागायची, सचिव काय म्हणाले, पुढच्या वर्षी काय करता येईल. त्यातलं काही विचारायची तिला गरज पडली नाही. तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं.

"वही आणली हाय?"

वही माझ्याकडे असतेच.

"मग लिहा. माझ्या नावापुढं. अनुत्तीर्ण लिहिलंय ना, त्याच्यापुढं."

मी मांडीवर वही उघडली आणि लिहिलं: रायफलीत दोष होता. नेमबाजाचा दोष नाही. खाली सही, तारीख. तिने ते दोनदा वाचलं.

"आता माझं नाव यादीत शेवटी घाला," ती म्हणाली. "मधी नको."

निघताना तिच्या आईने रुमालात शेरभर नवा तांदूळ बांधून दिला. "भात करा याचा, बाय. तिकडं नका टाकू."

या वेळी हिरा हसली.

ती राज्यस्पर्धा तिची गेली, ती मला परत देता आली नाही. त्या वर्षी ती कुठवर गेली असती कोण जाणे. पगारे काका वर्षभर मन लावून मारत राहिले आणि चाचणीत सपशेल आपटले. रायफल परत देताना अख्ख्या रेंजला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, उघडून बघायची गरज नाही. माझ्यात तांदूळ नव्हता, मीच होतो!" त्यांच्यानंतरचं नाव पुण्याला बदली होऊन गेलं. मग हिराचा नंबर लागला.

दरम्यान यादीत अठरावं कलम आलं: पूजेनंतर प्रत्येक रायफलीत नळी आणि लाकूड यांमधून कागदाची पट्टी फिरवणे. त्यापुढे कंसात लिहिलं, करीमचाचांची पद्धत. ते मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "नाव कशाला टाकलं?" पण वही पुन्हा एकदा मागून घेतली आणि नव्या डोळ्याने ती ओळ बघितली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शिसवीचा तो तुकडा मी पगारे काकांच्या वर्षी काढून कपाटात ठेवला होता, हिराच्या नावाची चिठ्ठी लावून.

ती आली त्या दिवशी मी तो तुकडा बसवला, दोन चकत्या काढल्या आणि सात नंबर तिच्यापुढे टेबलावर ठेवली. तिने हात लावला नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय झालं?"

"आधी पट्टी फिरवा, मॅडम."

मी वहीचं कोरं पान फाडून त्याची पट्टी केली, नळीखाली सरकवली आणि दोन्ही टोकं धरून मागे ओढत नेली. ती वाकून बघत होती. पट्टी कुठेही न अडता थेट बोल्टपर्यंत गेली. तेव्हा तिने रायफल उचलली, आडवी झाली, पट्टा दंडाला बांधला. कडी वर, मागे, काडतूस, कडी खाली. गाल टेकवला, डोळे मिटले, उघडले. गोळी सुटली.

दुर्बीण माझ्या हातात होती. मी डोळ्याला लावली नाही. थांबले.

"दहा," हिरा म्हणाली.